ग्रीसला मी गेले होते

ग्रीसला मी गेले होते. हे आधीच ठणकावून सांगते, कारण आमच्या नातेवाइकांत आजही ही गोष्ट उलटी सांगितली जाते. ‘हे ग्रीसला गेले होते, वहिनींनासुद्धा घेऊन गेले होते,’ असं म्हणतात आणि वर ‘नशीबवान हो तुम्ही’ म्हणून माझ्याकडे बघून हसतात. अहो, तिकीट माझं होतं, बक्षीस माझं होतं. कंपनीच्या पत्रात माझं नाव होतं आणि त्याखाली ‘सोबत एक व्यक्ती’ असं छापलेलं होतं. ती एक व्यक्ती म्हणजे आमचे यजमान. कोणी म्हणेल, जाऊ द्या ना, किती वर्षं झाली. नाही जाऊ देणार. माझ्याकडे जाऊ देण्यासारखं फार उरलेलं नाही.

खासगी विमा कंपन्या हैदराबादेत नुकत्याच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. काचेच्या दारांची ऑफिसं, टाय लावलेली पोरं, एसीचा गारठा आणि एजंटांना परदेशवारीचं आमिष. या धंद्यात एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर घ्यायची. धंदा नवऱ्यानं करायचा, सही बायकोनं ठोकायची. आमच्या ब्रँचमधल्या निम्म्या एजन्सी अशाच होत्या. वर्षाच्या समारंभात बायका जरीच्या साड्या नेसून स्टेजवर जायच्या, ढाल घ्यायच्या, फोटो काढून घ्यायच्या आणि मागच्या रांगेत येऊन बसायच्या. पुढच्या रांगेत त्यांचे नवरे मॅनेजरांशी पुढच्या वर्षाच्या बाता मारत असायचे.

आमचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. एजन्सी माझ्या नावावर होती. तेव्हा लोकांनी जे गृहीत धरायचं ते धरलं. फरक एवढाच होता, की आमच्या घरात धंदा खरोखरच मी करत होते.

आणि तो मला येत होता, हे मी न लाजता सांगते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरातली भांडीकुंडी आवरली की मी दुपारी बाहेर पडायची. टायवाली पोरं दुकानांत जायची, सेठलोकांच्या गादीसमोर उभी राहायची, ‘बाद में आओ’ ऐकून परत यायची. मी घरांत जायची. अफझलगंजच्या मागच्या गल्ल्यांत आणि नदीपलीकडच्या जुन्या शहरात अशी कितीतरी घरं होती, जिथं परक्या पुरुषाला बाहेरच्या बैठकीपर्यंतच वाट असे. पोरं त्या बैठकीत बसायची, चहा प्यायची, घरातला मोठा मुलगा ‘सोच के बोलते’ म्हणायचा आणि संपलं. कारण सोचणारं माणूस आत असायचं, पडद्यापलीकडे. मी पडद्यापलीकडे जात होते. ‘आओ बाजी, चप्पलां इधरीच छोडो,’ म्हणून मला आत घेत असत.

असंच एक घर होतं. अत्तराचा धंदा, तख्तावर बसलेली एक म्हातारी अम्मा, तिच्या चार सुना आणि घरभर नातवंडं. मला तिथं अख्खा उन्हाळा लागला. मी पॉलिसीचं नावही काढत नसे. गव्हाची खीर कशी करतात ते सांगायची, त्यांच्याकडून खट्टी दाल शिकायची, सुनांच्या पोरींच्या शाळेची चौकशी करायची. एक दिवस मी म्हटलं, “अम्मा, मर्दां का दिल बड़ा होता, पन याद छोटी होती. बच्चियों के वास्ते कुछ तो लिख के रखो.” अम्मा पानदान बंद करून माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या घरातल्या प्रत्येक मुलीची पॉलिसी झाली. मग अम्मांच्या बहिणी, मग नणंदा, मग सगळी गल्ली. त्या गल्लीनं मला ग्रीस दाखवला. यजमान त्या गल्लीत कधी शिरलेसुद्धा नव्हते.

त्यांनी एक काम मात्र केलं. त्यांचं ऑफिस नामपल्लीला, आमची ब्रँचही त्याच रस्त्यावर. संध्याकाळी मी भरून ठेवलेले कागद ते दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून नेऊन द्यायचे. माझी बसची खेप वाचायची. पण ब्रँचला रोज दिसायचा तो त्यांचा चेहरा. जुन्या मॅनेजरांना खरं काय ते माहीत होतं. ते तेलुगू गृहस्थ मला ‘अम्मा, तुमच्यासारख्या पाच बायका द्या, मी ब्रँच विकत घेतो’ म्हणायचे. त्यांची बदली झाली आणि पुण्याचे साहेब आले.

मराठी साहेब आले म्हणून मला कोण आनंद झाला! ते कसे निघणार हे कुठं ठाऊक होतं. त्याच सुमाराला ब्रँचमधल्या एका मुलीनं मला कानात सांगितलं, की काचीगुड्याकडे दुसरी शाखा उघडते आहे आणि तिथं बायकांना एजंट म्हणून तयार करायला, त्यांची फौज उभी करायला एक मॅनेजर हवा आहे. पगार, टेबल, खुर्ची, नावाची पाटी. ते ऐकल्यावर मला रात्री झोप लागेना. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी मागितल्या नाहीत. लग्नात सूनमुखाला काय हवं विचारलं तेव्हाही ‘काही नको’ म्हटलं होतं. पण ती खुर्ची मला हवी होती. उघड उघड, हावरटासारखी हवी होती. मी साहेबांना फोन केला आणि सांगितलं, की त्या जागेबद्दल मला बोलायचं आहे. “वा! मीही तोच विचार करत होतो,” ते म्हणाले. “ग्रीसला निवांत बोलू. मिस्टरांशीही बोलतो ना.” मला वाटलं, माणूस सभ्य आहे. घरच्यांनाही विचारात घेतो.

देशभरातले एजंट आणि त्यांचे ‘सोबती’ असे आम्ही विमान भरून गेलो. बाकीचे बसमधून फिरले. जो एजंट आपल्या भागात पहिला आला त्याला मात्र तिथल्या एका बेटावर एक दिवस खास गाडी, खास गाइड आणि वाइन चाखायचा कार्यक्रम. आमच्या भागात पहिली मी होते. साहेब म्हणाले, “आम्हीपण येतो तुमच्याबरोबर, बोलणंही होईल.” मी त्या दिवसासाठी ठेवणीतली नारायणपेठ काढली. गाडीत बसून काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं.

सकाळी हॉटेलच्या दारात गाइडबाई उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, आखूड केसांच्या. गाडी त्यांची स्वतःची होती. त्यांच्या हातात पाटी होती आणि पाटीवर माझं नाव होतं, माझं, आडनावासकट. मी पुढं व्हायच्या आत यजमान झपझप गेले आणि त्यांनी हात पुढं केला. “येस, येस, दॅट इज मी.” बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. “मिसेस?” त्यांनी विचारलं. यजमान हसले. “सेम थिंग,” म्हणाले. साहेबही हसले. मीही हसले असेन. परदेशात सकाळी सकाळी तमाशा कशाला, असा आपला स्वभाव.

साहेब गाइडबाईंच्या शेजारी बसले, आम्ही दोघं मागं. बेट सुंदर होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्वालामुखीनं मधला भाग गिळून टाकलेला, उरलेल्या कड्याच्या टोकावर चुना फासलेली पांढरी घरं आणि खाली इतकं निळं पाणी, की ते खरं वाटेना. बाई एकेक ठिकाणी थांबवून सांगत होत्या. इथं जुनं चर्च, इथं काळ्या वाळूचा किनारा, इथून सूर्यास्त बघायला जग लोटतं. मी काही विचारलं की त्या माझ्याकडे वळून नीट उत्तर द्यायच्या. आणि तेवढ्यात साहेब म्हणायचे, “वहिनी, तुम्ही अन् साहेब जरा त्या घुमटापाशी उभे राहा, फोटो काढतो.”

वहिनी. ब्रँचमध्ये मी मॅडम होते. विमानात बसल्यापासून वहिनी झाले. आणि पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क ‘साहेब’ झाले. तेव्हाच मला समजायला हवं होतं, वारा कुठून वाहतो आहे ते.

द्राक्षांचे मळे पाहून मात्र मी थक्क झाले. आपल्याकडे मांडव असतो. हैदराबादच्या भोवती पूर्वी अनाबशाही द्राक्षांचे मळे होते, मांडवाखालून वाकून जावं लागे. तिथं वेल जमिनीवरच, डोक्यावरच्या चुंबळीसारखे गोल गोल वळवून ठेवलेले. वारा फार, म्हणून द्राक्षं त्या चुंबळीच्या आत दडून वाढतात, बाईंनी सांगितलं. मी खाली बसून हात लावून बघत होते. मागं यजमान साहेबांना सांगत होते, की आमच्याकडचे मळे आता सगळे प्लॉट झाले, एखादा घेऊन टाका, सोनं होईल.

वाइनची जागा कड्यावरच होती. सावलीत लांब टेबल, प्रत्येकापुढं चार ग्लास, मध्ये पाव, चीज आणि एक मोठं भांडं. आपल्या हैदराबादेत पानवाल्या घरांत उगालदान असतं ना, तसलंच. आधी वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा, मग हवं तर त्यात थुंका, बाईंनी शिकवलं. यजमान माझ्या कानाशी म्हणाले, “उगं कायकू थुंकायचं? फुकटचं आहे.” आणि त्यांनी गिळलं. मी पीत नाही. पण वास घ्यायला कोणाची बंदी होती? एकाला लिंबाच्या सालीचा वास होता. शेवटच्या, काळपट ग्लासाला मनुका भिजत घातल्यासारखा. मला ते आवडलं. बाईंना मी तसं सांगितलं, तर त्या इतक्या खूश झाल्या, की माझ्यासाठी वेगळी एक बाटली उघडवून नुसती हुंगायला आणते म्हणाल्या.

त्या आत गेल्या असताना साहेबांनी विषय काढला. मी पदर सावरून सरसावून बसले. आणि ते यजमानांकडे वळले.

“साहेब, आता स्पष्ट बोलतो. किती वर्षं घासणार सरकारी टेबल? स्वेच्छानिवृत्तीची योजना आलीय, घेऊन टाका. काचीगुड्याची शाखा तुमची. तुमच्यासारखा माणूस मला शोधून सापडायचा नाही.”

मला आधी वाटलं, साहेबांची जीभ घसरली. आता सुधारतील. यजमान सुधारतील. मी यजमानांकडे पाहिलं. ते ग्लासाकडे पाहून हसत होते, लाजल्यासारखे, नवरदेव हसतो तसे.

“बायकांना हाताळायचं काम आहे,” साहेब म्हणाले, “पण तुम्हाला ते जमतं. त्या अफझलगंजच्या केसेस बघून मी थक्क झालो होतो. कसं केलंत हो?”

आणि आमच्या यजमानांनी सांगायला सुरुवात केली. “काय सांगू साहेब, अख्खा उन्हाळा चकरा मारल्या. आत अम्मा तख्तावर बसलेली, समोर पानदान, चार सुना भोवती. मी पॉलिसीचं नावच काढलं नाही. मग एक दिवस म्हटलं, अम्मा, मर्दां का दिल बड़ा होता, पन याद छोटी होती...”

माझं वाक्य. जेवताना त्यांच्या ताटात भाकरी वाढत वाढत मीच त्यांना सांगितलेलं. त्यांनी ते तसंच्या तसं, माझ्याच सुरात म्हटलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली, “वा, वा, क्या बात है!” माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“एकच बारीक गोष्ट आहे,” साहेब पुढं म्हणाले. “कंपनीच्या माणसाच्या घरात एजन्सी चालत नाही. नियम आहे. तेव्हा वहिनींची एजन्सी तेवढी बंद करू. वहिनींचाही सह्या करायचा त्रास वाचेल. काय वहिनी?”

मी म्हटलं, “तुम्ही आत कधी गेला होतात?”

साहेबांना वाटलं मी त्यांना विचारते आहे. मी यजमानांना विचारत होते. “अम्मांच्या घरात. आत. कधी गेला होतात तुम्ही?”

“अगं, बोलायच्या ओघात...”

“साहेब,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता हे मी नाकारत नाही, “तुम्ही पुण्याचे, तुम्हाला माहीत नाही. त्या घरात परका पुरुष बैठकीच्या पुढं जात नाही. त्यांचा हिशेबनीस वीस वर्षं त्यांच्याकडे आहे, त्यानं अम्मांचा चेहरा पाहिलेला नाही. आणि हे तख्ताजवळ बसून त्यांना पानदान बंद करायला लावतात? कुठल्याही हैदराबादी पोराला विचारा, तो हसेल. तिथं मी गेले होते. त्या गल्लीतली एकेक पॉलिसी मी केली आहे. मी तुम्हाला फोन केला होता तो माझ्यासाठी केला होता.”

साहेबांनी यजमानांकडे पाहिलं. एवढ्या एका क्षणात यजमानांना ‘हो’ म्हणायचं होतं. बस, ‘हो, खरं आहे तिचं.’ तीन-चार शब्द. ते शब्द बोलायला त्यांच्या आड कुठलाही नियम येत नव्हता. त्यांनी पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला.

साहेबांच्या चेहऱ्यावर मग हसू पसरलं. “वहिनींना चढली वाटतं!”

माझ्यापुढं चारही ग्लास ओतले तसेच होते. एक थेंब कमी नव्हता. ते त्या दोघांनाही दिसत होतं. आणि आमचे यजमान हसले. साहेबांच्या आधी हसले, साहेबांपेक्षा मोठ्यानं हसले. सुटकेचं हसणं होतं ते. मी त्या माणसाबरोबर संसार केला, त्याची आजारपणं काढली, त्याच्या आईचं शेवटचं सगळं केलं. त्या हसण्यापुरतं मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

“मी एजन्सी बंद करणार नाही,” मी म्हटलं. “सही माझी लागते ना? ती मी देणार नाही.”

मग हसणं थांबलं.

गाइडबाई बाटली घेऊन परत आल्या. त्यांना मराठीतलं अक्षर कळणं शक्य नव्हतं, पण त्यांनी तिघांची तोंडं पाहिली, बाटली खाली ठेवली आणि माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. परतीच्या वाटेवर साहेब क्रिकेटवर बोलत राहिले. सूर्यास्ताला गाडी थांबली, जग लोटलं होतं. मी खाली उतरले नाही.

हॉटेलच्या खोलीत यजमान म्हणाले, “एवढं काय झालं? तू आत गेलीस काय अन् मी गेलो काय, एकच की. घर एक आहे ना आपलं?” हे ते चिडून म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. मला समजावत होते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. चोरानं चोरी कबूल केली तर त्याच्याशी भांडता तरी येतं. या माणसाला आपण काही उचललं आहे हेच ठाऊक नव्हतं.

हैदराबादला आल्यावर एकेक जण समजूत काढायला आला. दीर आले, त्यांनी ‘दादाची इतकी वर्षांची इच्छा’ सांगितली. माझी आई नांदेडहून फोनवर म्हणाली, नवरा मोठा झाला की बायको आपोआप मोठी होते. आमची लेक कॉलेजात होती, मोकळ्या विचारांची वगैरे. ती म्हणाली, “आई, प्लीज, कर ना सही. बाबा किती एक्साइटेड आहेत.” मी तिला विचारलं, “आणि मी?” ती म्हणाली, “तुझं काय?” तिला प्रश्नच कळला नाही. पोरीला मीच वाढवलं होतं, आता कोणाला दोष देऊ?

मी सही केली नाही. यजमानांना ती जागा मिळाली नाही. आजही चारचौघांत ते निःश्वास टाकून म्हणतात, की संधी आली होती, पण घरातून साथ मिळाली नाही. मी एजन्सी चालवत राहिले, गुडघे म्हणाले आता पुरे तोवर. खुर्ची मलाही मिळाली नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट पाहायला नको. पुण्याहून एक पोरगा आणला, त्यानं वर्षभरात शाखा बुडवली.

पण मी मागितली. तेवढं केलं. तो पोरगा यायच्या आधी एका सकाळी, ब्रँच भर गर्दीत असताना मी एकटी गेले. काचेचं दार ढकलून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. ते दचकून उभे राहिले, “या, या वहिनी” म्हणाले, चहा सांगितला. मी म्हटलं, मी वहिनी म्हणून आलेले नाही. काचीगुड्याच्या शाखेसाठी आले आहे. माझी माणसं माझ्याकडे आहेत, गल्ल्या माझ्याकडे आहेत, हाताखाली तयार व्हायला बायका तयार आहेत. काय विचारायचं ते विचारा, मी उत्तरं देते.

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. मग माझ्या खांद्यावरून त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या मागून कोणी येतंय का ते.